स्विमिंग पूल कुरखेड्यात, कचरा जंगलाचा!

प्रेशर क्लीनर काढून रोबो आणावा का? पूलवाल्यांच्या दुनियेतला हा जुनाच वाद. पुण्या-मुंबईत तो विजेच्या बिलावर आणि यंत्राच्या किमतीवर मिटतो. आम्ही तो उचलून थेट गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याला नेला. सती नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला साग, मोह, पळस, तेंदू, बांबू आणि मध्ये मध्ये धानाच्या बांध्या. इथली पोरं पोहायला शिकतात ती बोडीत, तलावात, नाही तर नदीच्या डोहात. समजा, उद्या इथे कुणी निळ्या टाइल्सचा चकाचक पूल बांधला, तर तो झाडायचा कुणी? घ्या, एकेक गंमत वाचा.

१. पाण्यानेच पाणी झाडायचं

प्रेशर क्लीनरला स्वतःची मोटर नसते. पंपाने दाबून पाठवलेलं पाणी होजमधून त्याच्या पोटात शिरतं. त्यातल्या काही पाण्यावर त्याची चाकं फिरतात आणि काही पाणी बारीक तोट्यांमधून जोरात वर उडतं. त्या उसळीबरोबर तळाचं पाणीही वर ओढलं जातं आणि त्यासोबत पानं, काड्या, खडे डोक्यावरच्या पिशवीत जाऊन पडतात. या करामतीचं नाव व्हेंच्युरी. ठिबकमधून पिकाला खत सोडणाऱ्या शेतकऱ्याला ते नव्याने सांगायला नको. त्याच्या शेतात व्हेंच्युरी खत ओढते, इथे कचरा ओढते.

२. तब्येत बघायची तर चाक मोजा

प्रेशर क्लीनरचा दाब बरोबर आहे का, हे बघायला महागडं मीटर लागत नाही. चाकावर खूण करायची, यंत्र पाण्याखाली धरायचं आणि घड्याळ लावून फेरे मोजायचे. ‘पोलॅरिस २८०’ या गाजलेल्या मॉडेलसाठी मिनिटाला २८ ते ३२ फेरे म्हणजे तब्येत ठणठणीत. कमी फिरलं तर दाब कमी, म्हणजे जाळी तुंबलेली किंवा होज फुटलेली. जास्त फिरलं तर दाब जास्त, आणि मग ते तळ सोडून उड्या मारायला लागतं.

त्याला मागे एक लांब शेपूटही असते. पाण्याच्या जोराने ती वळवळते आणि कोपऱ्यात बसलेली माती उडवते. यंत्र शिडीखाली अडकलं तर? होजवर एक खास व्हॉल्व्ह असतो. तो दर काही मिनिटांनी पाण्याची दिशा उलटवतो आणि गड्याला मागे खेचून बाहेर काढतो.

३. रोबोला पाइप नको, प्लग पुरे

रोबोचा पूलच्या पंपाशी काही संबंध नाही. चाकं किंवा पट्टे फिरवायला वेगळी मोटर, पाणी ओढायला वेगळी, आणि गाळणीसुद्धा पोटातच. काठावर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर घरातली २३० व्होल्टची वीज उतरवून साधारण २४ ते ३० व्होल्टवर आणतो आणि तरंगत्या केबलमधून पाण्यात पाठवतो. घरगुती मॉडेलची ही केबल बहुधा १५ ते १८ मीटर असते.

वीज कमी दाबाची असली तरी नियम पक्का आहे. रोबो पाण्यात असताना माणसाने पाण्यात उतरायचं नाही. आणि ट्रान्सफॉर्मर काठापासून तीन-साडेतीन मीटर लांब, सावलीत ठेवायचा. काठावर पाणी उडणार, हे गृहीत धरूनच हा नियम केलेला आहे.

४. भिंतीवर चढतो, पण पालीचं तंत्र नाही

रोबो उभ्या भिंतीवर चढतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, भिंतीला चिकटला. खरं कारण उलट्या बाजूला आहे. तो पोटाखालचं पाणी ओढतो आणि पाठीतून जोरात बाहेर फेकतो. पाणी पाठीमागे फेकलं गेलं की त्याच्या धक्क्याने यंत्र भिंतीवर दाबलं जातं. वर फोमचे तुकडे त्याला हलकं ठेवतात. पाण्याच्या रेषेपर्यंत पोचला की काही मॉडेल आडवी सरकत टाइलवरचा तेलकट पट्टा घासतात. केसाला लावलेलं खोबरेल आणि अंगाला फासलेलं सनस्क्रीन तिथेच साचलेलं असतं.

प्रेशर क्लीनरही भिंतीवर थोडाफार चढतो, पण ब्रश नसल्याने तो घासत नाही. शेवाळाचा हिरवा थर ब्रशशिवाय हलत नाही, हे पूलवर काम करणारा कुणीही सांगेल.

५. बिलात कोण किती खातो?

आता गणित. बहुतेक प्रेशर क्लीनरना मुख्य पंपाशिवाय पाऊण हॉर्सपॉवरचा बूस्टर पंप लागतो. कागदावर पाऊण म्हटलं, तरी हा पंप आत ओढतो ती वीज सहसा १ किलोवॅटच्या वर जाते. १.२ किलोवॅट धरू. रोज ३ तास चालवला तर ३.६ युनिट, महिन्याला १०८. घरगुती रोबो साधारण १८० वॅटचा. रोज अडीच तास चालवला तर अर्ध्या युनिटच्या आत, महिन्याला १४ युनिटही होत नाहीत.

शिवाय बूस्टरची एक खोड आहे. मुख्य पंप बंद असताना एकट्याने चालू झाला तर तो कोरडा फिरतो आणि जळतो. जिथे वीज सांगून जात नाही आणि विचारून येत नाही, तिथे हे दुखणं मोठं. रोबोचं काय? लाइट गेली की जागेवर बसून राहतो, आली की बटण दाबायचं. चांगल्या इन्व्हर्टरवरही त्याचं भागतं.

पण थांबा. रोबोची किंमत सहज लाखाच्या आसपास जाते आणि बिघडला तर सुटे भाग गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. प्रेशर क्लीनर उघडला तर आत चाकं, दात्यांच्या चकत्या आणि बेअरिंग. पाना चालवणारा माणूस तो उघडून बसवू शकतो. रोबोचं सर्किट मात्र गडचिरोलीला, नाही तर थेट नागपूरला.

६. केसापेक्षा बारीक

माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन. प्रेशर क्लीनरची साधी पिशवी पानं पकडते, पण बारीक माती तिच्यातून निसटून पुन्हा पाण्यात येते. रोबोत बारीक गाळणी बसवली तर केसाच्या जाडीपेक्षा लहान कणही अडकतात. मे महिन्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की उठणारी फुफाट्याची धूळ पूलच्या तळावर पीठ शिंपडल्यागत बसते. त्या कामात रोबोचा हात कुणी धरणार नाही.

मात्र बारीक गाळणी तुंबतेही लवकर. दर फेरीनंतर ती काढून नळाखाली धुवायची. कंटाळा केला तर लाखाचं यंत्र तळावर नुसतं फिरायला जातं.

७. सागासमोर दोघेही गार

सागाचं पान हातभर. ३० ते ६० सेंटिमीटर लांब, वाळलं की पापडासारखं कडक आणि खरखरीत. असं एक पान प्रेशर क्लीनरच्या घशात आडवं गेलं की मागचा सगळा कचरा बाहेर. रोबोचं तोंड तर त्याहून चिंचोळं. तिथे पान अडकलं की मोटर घरघरते आणि यंत्र एकाच जागी गरगरत बसतं.

म्हणजे सागाखालच्या पूलला यंत्र कोणतंही घ्या, लांब दांड्याची जाळी हवीच. आधी जाळी मारायची, मग यंत्र सोडायचं. हा क्रम चुकला की खर्च दुरुस्तीवर जातो.

८. कुरखेड्याचं कचरा-कॅलेंडर

शहरातल्या पूलमध्ये वर्षभर साधारण एकसारखाच कचरा पडतो. जंगलात महिन्यागणिक पाहुणा बदलतो.

*डिसेंबर ते फेब्रुवारी:* सागाची पानगळ. धानाची मळणी सुरू असेल तर वाऱ्यावर भुसा आणि तणसाच्या काड्या. काम जाळीचं, मागून प्रेशर क्लीनर.

*फेब्रुवारी-मार्च:* पळस फुलतो. पाण्यावर केशरी पाकळ्या. प्रेशर क्लीनरच्या मोठ्या पिशवीचे दिवस.

*मार्च-एप्रिल:* पहाटे मोह टपकतो. एरवी लोक टोपल्या घेऊन वेचायला जातात तीच गोड, गरगरीत फुलं पाण्यात पडली तर फुगतात आणि गाळणीत लगदा होतो. पोटातली साखर पाण्यात उतरली की जंतूंची मेजवानी आणि क्लोरिनचा फडशा. यंत्र सोडण्याआधी सकाळी सकाळी हाताने वेचणंच बरं. वेचलेली फुलं फेकायला मात्र या भागात कुणी तयार होणार नाही!

*एप्रिल-मे:* सावरीचा कापूस उडतो, वर धूळ. दोन्ही बारीक. रोबोची चैन, पण गाळणी दिवसातून दोनदा धुवायची.

*जून:* पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे. सकाळी पाण्यावर पंखांचा थर. ते तरंगतात, म्हणून तळाच्या यंत्राला सापडतच नाहीत. स्किमर आणि जाळी.

*जुलै ते ऑक्टोबर:* पावसासोबत वाहून आलेली माती आणि उघडीप पडली की शेवाळ. ब्रशवाला रोबो कामाला लावा.

बेरीज केली तर लक्षात येईल, बारा महिने एकच यंत्र जिंकलं असं होत नाही.

९. फुकटचा रंग

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा. हात लाल होतो. पानात रंगद्रव्य असतं आणि पूर्वी ते रंगवायला वापरलंही जायचं. पळसाच्या फुलांचा केशरी रंग तर होळीला ठरलेलाच. आता हीच पानंफुलं दोन दिवस पांढऱ्या प्लास्टरच्या तळावर पडून राहिली तर? तपकिरी-लालसर डाग. यंत्र कचरा उचलेल, डाग उचलणार नाही. म्हणून जंगलातल्या पूलमध्ये यंत्र किती ताकदवान आहे याहून ते किती लवकर सुटतं, हे जास्त मोलाचं. इथे प्लग लावून लगेच सुटणारा रोबो बाजी मारतो.

१०. आफ्रिकेचा धाकटा, किबुत्झचा डॉल्फिन

प्रेशर आणि रोबो यांच्याशिवाय तिसराही भाऊ आहे: सक्शन क्लीनर. तो पंपाच्या ओढीवर चालतो. त्यातला सगळ्यात गाजलेला ‘क्रीपी क्रॉली’ १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मला. बेल्जियन काँगोतून तिकडे आलेल्या फर्डिनांड शोव्हिए या हायड्रॉलिक इंजिनिअरने तो स्प्रिंग्ज या गावी बनवला. आणि रोबोंच्या जगातलं मोठं नाव ‘डॉल्फिन’ बनवणारी मेट्रॉनिक्स ही कंपनी १९८३ मध्ये इस्राएलमधल्या यिझ्रएल या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, सुरू झाली. पूल झाडणारा जगप्रसिद्ध रोबो शेतकऱ्यांच्या वस्तीतून आला आहे, हे कुरखेड्याच्या धानवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

११. मगर आली हो!

ऑक्टोबर २०२३. दादरचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव. पहाटे पोहणारे यायच्या आधी कर्मचारी पाणी तपासत होते, तर पाण्यात चक्क मगरीचं पिल्लू, दोनेक फुटांचं! त्याला पकडून वन विभागाकडे सोपवलं. कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात या कामाचा उल्लेख नाही.

कुरखेड्यात मगरीपेक्षा बेडकांची चिंता जास्त. गुळगुळीत टाइलवरून बेडकाला बाहेर पडता येत नाही. पोहून पोहून दमतो आणि मरतो. अमेरिकेतल्या रिच मेसन या वन्यजीव अभ्यासकाने त्यासाठी ‘फ्रॉगलॉग’ नावाचा छोटा तरंगता उतार बनवला. बेडूक त्यावर चढतो आणि काठावर उडी मारून निघून जातो. घरी करायचं तर बांबूची एक खरखरीत फळी काठाला बांधून पाण्यात तिरकी सोडावी. बांबूला इकडे काय तोटा?

१२. बदली करताना विसरू नका

प्रेशर क्लीनर काढून रोबो आणला की तीन कामं राहतात.

एक, भिंतीत क्लीनरसाठी असलेल्या वेगळ्या पाइपच्या तोंडाला बूच बसवा आणि बूस्टर पंपाची वायर सोडवून घ्या. नाही तर टायमर लागला की तो एकटाच फिरत बसेल.

दोन, मुख्य पंप बंद करू नका. रोबो तळ साफ करतो, पण क्लोरिन सगळीकडे पोचवणं हे त्याचं काम नाही. पाणी फिरलं नाही तर तळ लख्ख आणि पाणी हिरवं, असा विनोद घडतो. प्रेशर क्लीनर जाता जाता पाणी ढवळायचा. ती फुकटची मदत आता बंद झाली, म्हणून मुख्य पंपाचे तास एकदा तपासा.

तीन, रोबो पाण्यात मुक्कामाला ठेवू नका. फेरी झाली की बाहेर काढून सावलीत ठेवा. ऊन आणि क्लोरिन दोघेही केबलचे वैरी. आठ-दहा किलोचं ओझं आहे, दोन हातांनी उचला. केबल धरून मात्र ओढायचं नाही.

१३. पंचवीस लाख लिटर म्हणजे काहीच नाही

ऑलिम्पिक पूल ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, खोली २ मीटर धरू. त्यात २५ लाख लिटर पाणी. ऐकायला भारी, पण पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांपुढे हे किरकोळ. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात असे हजारो ‘मामा तलाव’ आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती आणि कोहळी समाजाचे लोक या कामात वाकबगार. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावामागे ‘माजी’ लागलं.

या तलावांना पाळ आहे, धानाला पाणी सोडायला तुडुम आहे, पण तळाला निळी टाइल नाही. इथला कचरा म्हणजे गाळ आणि तो उचलायला शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येतो. २०१७ मध्ये सुरू झालेली राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच हिशेबावर चालते. तलाव खोल होतो, शेत कसदार होतं. पूलवाल्याला पिशवीतला कचरा कुठे टाकू हा प्रश्न पडतो. तलाववाल्याकडे तो मागायला रांग लागते.

१४. सफाई म्हणजे लावणीसुद्धा

कुरखेड्याहून फार लांब नसलेल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले मच्छीमार पतिराम तुमसरे यांनी तलाव सुधारण्याचं वेगळं काम केलं. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरमाची झुडपं मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि मग तिथे स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. पाऊस पडला की त्या वाढतात, माशांना चारा आणि अंडी घालायला जागा मिळते, पाखरंही परततात. पूलमध्ये एक हिरवं पातं दिसलं तरी मालकाला घाम फुटतो. इथे हिरवं दिसलं नाही तर मच्छीमाराला फुटतो.

चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावाची कथा मात्र कडू. शहराचं सांडपाणी आणि जलपर्णीने तो गुदमरला. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे त्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे पाणी सोडून गाळ काढण्याचं काम हललं. अशा तलावात सोडायला कोणत्याच कंपनीकडे रोबो नाही. आधी नाल्याचं तोंड वळवावं लागतं.

१५. खरा कामाचा रोबो गटारात उतरतो

पूल झाडणारा रोबो ही चैन. पण केरळमधल्या तरुण इंजिनिअरांच्या जेनरोबोटिक्स कंपनीने २०१८ मध्ये ‘बँडिकूट’ नावाचा रोबो आणला. तो मॅनहोलमध्ये हात घालून गाळ उपसतो आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर बघत तो चालवतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी विषारी वायूने गुदमरून माणसं मरतात. नगरपंचायतीकडे यंत्रासाठी पैसे असतील आणि पूल की गटार असा प्रश्न आला, तर उत्तर शोधायला वेळ लागू नये.

शेवटी, घ्यायचं काय?

दुकानदाराला मॉडेल विचारण्याआधी पूलच्या काठावर एक दिवस बसा आणि पाण्यात काय पडतं ते लिहून काढा. हातभर पानं जास्त असतील तर जुना प्रेशर क्लीनर इतक्यात भंगारात घालू नका, जाळीची दांडी मात्र नवी घ्या. धूळ, माती आणि शेवाळाचा त्रास जास्त असेल, वीज रुसवे-फुगवे करत असेल, तर रोबो घ्या आणि गाळणी धुणारा माणूस आधी ठरवा. दोन्ही परवडत असतील तर हिवाळ्यात एक, उन्हाळ्या-पावसाळ्यात दुसरा. आणि पूल अजून बांधायचाच असेल तर सगळ्यांत स्वस्त क्लीनर आत्ताच सांगून ठेवतो: जागा सागापासून शंभर पावलं लांब निवडा. झाड तोडायचं नाही, खड्डा सरकवायचा!